बाटलीवाली

निळ्या पेटीत एक ड्रॉपर, चार औषधं,
रंगांचं एक कार्ड, ओलं होऊन फुगलेलं.
खानापुरात तीन दिवस ट्रेनिंग, सगळं कन्नडमधून.
मॅडम बोलत होत्या, मी त्यांच्या हातांकडं बघत होते.
थेंब कसे मोजायचे ते हातांनाच कळतं.

आमच्या गल्लीत माझं सोडून तेरा घरं,
थोड्या विहिरी, एक बोअर,
आणि सोमवार-शुक्रवार येणारा नळ.
आधी खोकतो, मग तांबूस थुंकतो,
मग धड बोलायला लागतो.

लुमाण्णा म्हणाला, पाण्यात काय बघायचं असतंय गं?
माझ्या बानं हेच पिऊन नव्वद काढली.
काढली की, मी म्हटलं.
आणि पाळण्यातच गेलेली तुझी दोन भावंडं?
ते म्हटलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं.
थेंब टाकले, थांबले.
पाणी गुलाबी झालं, रताळ्याच्या सालीसारखं.
"नायट्रेट. वेलांना घातलेलं खत
विहिरीलाही लागलंय."
"उकळलं तर जाईल काय?"
"नाही. उलट दाटतं."
त्यानं शिवाराकडं बघितलं, मग बाटलीकडं,
विसरून गेलेली उसनवारी
कुणी दारात आणून ठेवावी तसं.

कल्लव्वानं तांब्या तीनदा घासला,
डोक्यावरचा पदर सारखा केला, मग पाणी ओतलं.
जणू पाण्याचा फोटो निघणार होता.

शेवटची बाटली बोटाएवढी.
खुणेपर्यंत भरायची, झाकण घट्ट लावायचं,
आणि चोवीस तास उबेत ठेवायची.
काळी झाली तर पाण्यात घाण.
मॅडमनी त्यासाठी मशीन दाखवलं होतं.
आमच्याकडं चूल आहे, आणि जुनी वाकळ.
दही लावतात तशा तेरा बाटल्या गुंडाळल्या.
चौदावी उरली होती, वाया कशाला घालवायची,
म्हणून आमच्या माठातलं पाणी.

रात्री दोनदा उठले
खुडूक कोंबडीसारखी.

सकाळी वाकळ उलगडली.
लुमाण्णाची पिवळट. कल्लव्वाची पिवळट.
नळाची, बोअरची, सगळ्या पिवळट, कोऱ्या चहासारख्या.
एकच काळी. दौत सांडल्यागत काळी.
चिठ्ठीवर माझंच अक्षर.

कल्लव्वाची आणि माझी विहीर एकच.
दोर एक, रहाट एक.
म्हणजे विहिरीचा दोष नव्हे.
विहीर आणि तोंड, यांच्यामध्ये काय काय येतं ते
मी उभ्या उभ्या मोजत गेले:
घागर, फडकं, माठ, माठात बुडणारा पेला,
पेला धरणारी बोटं.
हीच बोटं, थेंब मोजणारी.
मागल्या महिन्यात रवळूचं पोट बिघडलं तेव्हा
मी बेळगावच्या भेळवाल्याला शिव्या घातल्या होत्या.

काळ्या बाटलीत ब्लिचिंग ओतून
ती परड्यात पुरायची असते. नियमच आहे.
पुरली असती, आणि वर पाय दाबून
आत आले असते,
तर तेरा घरं, तेरा बाटल्या, हिशोब बरोबर.

फॉर्म कन्नडमध्ये, तो रवळू भरतो.
शाळेची पिशवी पाठीवर तशीच ठेवून
उंबऱ्यावर बसला, पेनाचं टोपण दातात.
"काळं म्हणजे कप्पु," तो म्हणाला,
"कपातला कप नव्हे, आई."
मग पेन थांबलं.
"कुणाचं घर लिहू?"

दूध उतू जात होतं. मी ते उतरवलं.
"लिही," म्हटलं, "आपलं."

शनिवारच्या बाजारातून
लांब दांड्याचं ओगराळं आणलं.
माठ उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथा घातला,
तोवर गल्ली जमली होतीच.
"बाटलीवाली, काळी कुणाची गं?"
सांगितलं.

जरा वेळ कुणीच काही बोललं नाही.
लुमाण्णा आपल्या विहिरीच्या बाजूला बघत राहिला,
त्याच्या गुलाबी पाण्याचं उत्तर
माझ्या पेटीत अजून नाही.
मग कल्लव्वानं ओगराळं हातात घेतलं,
दांडा वाकतो का बघितलं,
आणि म्हणाली,
"कितीला दिलं गं हे?"